झेरॉक्सची झेरॉक्स आणि आबांचं बेणं

सेमिस्टर आठ दिवसांवर आली की इंदापूरच्या एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत काय गर्दी उसळते, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाच्या तरी ताईच्या मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काढलेल्या नोट्स. तिच्याकडून एकाने झेरॉक्स काढली, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तुम्ही. तुमच्या हातात येईपर्यंत मार्जिनमधलं अर्धं गायब, आकृतीच्या जागी काळा डाग, आणि अक्षर 'न' आहे की 'त' ते देवालाच ठाऊक. काउंटरमागचे काका वैतागून सांगतात, "पोरी, मूळ वही आण. त्याशिवाय चांगली येणार नाही."

हे वाक्य मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बांधावर उभी असताना आठवलं. पूर्वहंगामी उसाची लागण चालली होती. पप्पा दरवर्षीप्रमाणे आपल्याच रानातल्या उसाच्या टिपऱ्या तोडून सरीत टाकत होते. आणि आबा बांधावर बसून कुरकुरत होते, "बेणं दमलंय आता. त्याच्यातनंच त्ये, त्याच्यातनंच त्ये. किती वर्सं चालायचं?"

आबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आमचा उतारा गेली काही वर्षं उतरतोय. कारखान्याचं बिल आलं की त्यातून आधी सोसायटी फिटते, मग माझी हॉस्टेलची फी. त्यामुळे 'बेणं दमलं' हा आमच्याकडे गप्पांचा विषय नाही, घरच्या हिशेबाचा आहे.

बारावी सायन्स करून मास कॉमकडे वळलेल्या माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न आला. बेणं म्हणजे तरी काय? उसाची कॉपी. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. मग आमच्या नोट्ससारखं उसाचंही फिकं होत जातं का?

तुमच्या बांधावरचा ऊस नेमका कुणाचा?

उसाला आपण बी पेरत नाही. टिपरी लावतो. टिपरीवरचा डोळा फुटतो, त्याचा कोंब होतो, कोंबाचा ऊस. म्हणजे नवं रोप हे जुन्या उसाचं मूल नाही, त्याचाच पुढे वाढलेला भाग आहे. डोळ्यातल्या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होत जातात आणि दर वेळी आपला अख्खा डीएनए कॉपी करून नव्या पेशीला देतात.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त ओळखीचा ऊस घ्या, को ८६०३२. 'को' म्हणजे कोईमतूर. तिथल्या ऊस पैदास संस्थेत 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' या दोन जातींच्या संकरातून हे वाण निघालं. आपल्याकडे ते १९९६ मध्ये प्रसारित झालं ते नीरा गावाजवळच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्रामार्फत. म्हणून त्याचं दुसरं नाव 'नीरा'. इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, तीच आपली नीरा.

संकराच्या बियांतून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, जसे सख्खे बहीण-भाऊ वेगळे असतात. त्यातलं एक रोप निवडलं गेलं. एकच. आज बावडा असो, निमगाव केतकी असो की बारामतीची बागायत, जिथे जिथे 'शहाऐंशी बत्तीस' उभा आहे, तिथे तिथे तेच एक रोप उभं आहे. हजारो एकरांवर पसरलेलं, पण मुळात एकच. इतकी वर्षं, इतक्या लागणी, इतके खोडवे. तरी कारखान्यात गेल्यावर तो 'नीरा'च असतो. फिका नीरा, पुसट नीरा असं काही निघत नाही.

हे जमतं कसं?

चेन उघडायची, दोन्हीकडे भरायचं

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे, हे तुम्ही दहावीत काढून आणि विसरून झालेला आहात. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली. त्यामागे रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतल्या एक्स-रे चित्रांचा मोठा आधार होता. धाग्यांवर चारच अक्षरं आहेत: ए, टी, जी, सी. नियम एकच. एका धाग्यावर ए असेल तर समोर टीच. जी असेल तर समोर सीच.

या एका नियमात सगळी गंमत आहे. बॅगेची चेन उघडावी तसे हे दोन धागे सोडवले, तरी कुठलीच माहिती हरवत नाही. एका धाग्याकडे बघून दुसरा पुन्हा तंतोतंत लिहिता येतो. चेन उघडायचं काम हेलिकेज नावाचं एन्झाइम करतं. प्रायमर नावाचा छोटा तुकडा सुरुवात करून देतो. मग पॉलिमरेज नावाचं एन्झाइम समोरचं अक्षर वाचत जातं आणि त्याची जोडी बसवत जातं. हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते आर्थर कॉर्नबर्ग यांना, आणि त्यासाठी १९५९ चं नोबेल मिळालं.

शेवटी हातात येतात दोन डीएनए. पण इथे एक प्रश्न राहतो. जुना डीएनए जसाच्या तसा बाजूला राहतो आणि नवा कोरा वेगळा तयार होतो, झेरॉक्ससारखा? की दोन्हींत अर्धा जुना आणि अर्धा नवा असतो?

याचं उत्तर १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल या दोन तरुणांनी शोधलं, आणि त्यांनी वापरलेली वस्तू ऐकून शेतकऱ्याच्या पोरांचे कान टवकारतील: नत्र. तेच, युरियातून आपण पिकाला देतो ते. डीएनएमध्येही नत्र असतं. नत्राचा एक जरा जड प्रकार मिळतो, नायट्रोजन-१५. या दोघांनी जिवाणूंना अनेक पिढ्या फक्त जड नत्र खाऊ घातलं. सगळ्यांचा डीएनए जड झाला. मग एकदम खत बदललं, साधं हलकं नत्र दिलं आणि एका पिढीनंतर डीएनएचं वजन तपासलं.

झेरॉक्ससारखं असतं तर अर्धा डीएनए जड आणि अर्धा हलका निघाला असता. निघाला तो सगळाच मधल्या वजनाचा. पुढच्या पिढीत अर्धा मधला, अर्धा हलका. म्हणजे प्रत्येक नव्या डीएनएमध्ये एक धागा जुना असतो, एक नवा. काकांच्या भाषेत सांगायचं तर इथे दर कॉपीबरोबर अर्धी मूळ वही सोबत जाते.

एक कोयता की शंभर टोळ्या?

उसाच्या एका पेशीत किती अक्षरं असतात? सुमारे १० अब्ज. तुमच्या-माझ्या एका पेशीत साडेसहा अब्जांच्या आसपास आहेत. गोडच नाही, गुंतागुंतीतही ऊस आपल्याला मागे टाकतो. उसाची गुणसूत्रं शंभराच्या वर आहेत, त्यामुळे त्याच्या जीनोमचा सविस्तर नकाशा 'नेचर'मध्ये छापून यायला २०२४ साल उजाडलं.

वनस्पती-प्राण्यांच्या पेशीत पॉलिमरेज सेकंदाला साधारण पन्नास अक्षरं उतरवतं. कॅल्क्युलेटर घ्या. १० अब्ज भागिले ५० म्हणजे २० कोटी सेकंद. सहा वर्षांहून जास्त! एकट्या कोयत्याने अख्खं रान तोडायला बसल्यासारखं. म्हणून पेशी एका टोकापासून सुरुवातच करत नाही. हजारो ठिकाणी एकाच वेळी चेन उघडते. जशा एकाच शिवारात ठिकठिकाणी ऊसतोडीच्या टोळ्या लागाव्यात आणि संध्याकाळपर्यंत रान मोकळं व्हावं, तसं काही तासांत काम उरकतं.

यात एक अडचण आहे. डीएनएचे दोन धागे उलट-सुलट दिशेने लावलेले असतात आणि पॉलिमरेज एकाच दिशेने लिहू शकतं. त्यामुळे चेन उघडत जाते तसं एका धाग्यावर ते सरळ पुढे जातं. दुसऱ्या धाग्यावर मात्र त्याला उलटं यावं लागतं. थोडी चेन उघडली की एक छोटा तुकडा मागे मागे लिहायचा, पुन्हा पुढे जायचं, पुन्हा एक तुकडा मागे. उसात असा एक तुकडा शे-दोनशे अक्षरांचा. मग लायगेज नावाचं एन्झाइम हे तुकडे जोडतं. ठिबकच्या नळीचे तुकडे जॉइनर लावून सलग करतात ना, अगदी तसं. शेवटी पाणी सलग गेल्याशी मतलब.

या तुकड्यांना 'ओकाझाकी तुकडे' म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना येतात. पण पुस्तकात जे नसतं ते सांगते. रेजी ओकाझाकी हिरोशिमाचे. १९४५ मध्ये बॉम्ब पडला तेव्हा ते शाळकरी वयात होते आणि त्यांच्यावर किरणोत्सर्गाचा मारा झाला होता. पुढे नागोया विद्यापीठात त्यांनी आणि त्यांची पत्नी त्सुनेको यांनी मिळून हे तुकडे शोधले, १९६८ मध्ये त्यावरचा निबंध आला. १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, रेजी ल्युकेमियाने गेले. डीएनए बिघडला की होणाऱ्या आजारांपैकीच हा एक. त्सुनेको यांनी काम थांबवलं नाही. पुढच्या वेळी हे दोन मार्क लिहाल तेव्हा दोघांची आठवण ठेवा.

एकनाथ महाराजांचं काम

आता मूळ प्रश्नाकडे. चुका होत नाहीत का?

होतात. पॉलिमरेज लाखभर अक्षरांमागे साधारण एक चुकीचं बसवतं. पण चुकीची जोडी नीट बसत नाही, अडखळते. पॉलिमरेजच्या ते लक्षात येतं. ते एक पाऊल मागे जातं, चुकीचं अक्षर कापतं, बरोबर बसवतं. यातूनही काही निसटलं तर मागून दुसरी टोळी तपासायला येते.

ही दुसरी टोळी करते ते काम आपल्याला नवं नाही. ज्ञानेश्वरीच्या हाताने उतरवलेल्या पोथ्या पसरत गेल्या तसे तिच्यात पाठभेद आणि चुका शिरल्या. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती ताडणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की दोन पोथ्यांत वेगळे शब्द असतील तर जुनी कोणती मानायची? पेशीतल्या दुरुस्तीच्या टोळीलाही हेच कळावं लागतं. दोन धाग्यांपैकी जुना कोणता, नवा कोणता ते ओळखून ती नव्यातली चूक काढते. या दुरुस्तीचा उलगडा करणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं नोबेल विभागून मिळालं.

एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर चूक उरते ती अब्ज अक्षरांत एखादी. उसाची १० अब्ज अक्षरं उतरवताना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि झेरॉक्समध्ये, डीएनएमध्ये खरा फरक इथे आहे. मशीनला अक्षर कळत नाही. ते फक्त काळं-पांढरं बघतं. फिकं अक्षर आलं तर ते आणखी फिकं छापतं. डीएनएमध्ये 'फिका ए' असा प्रकारच नसतो. एक तर ए असतो, नाहीतर नसतो. म्हणून शंभरावी कॉपीही पहिल्यासारखीच ठळक असते.

मग उतारा का पडला?

हे सगळं वाचून मी आबांना म्हणाले, "बेणं दमत नाही, आबा." ते म्हणाले, "मग बिल कमी का येतंय त्ये सांग."

बरोबर होतं त्यांचं. आबांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, कारण वेगळं होतं. टिपरी लावताना आपण फक्त उसाचा डीएनए लावत नाही. उसाच्या आत दडलेले पाहुणेही लावतो. गवताळ वाढीचा रोग, काणी, खोडव्यात ऊस खुजा ठेवणारा जिवाणू. हे सगळे बेण्यातून पुढच्या लागणीत जातात आणि दरवर्षी थोडे वाढतात. वही स्वच्छ आहे, पण पानांत वाळवी लागली आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ सांगतात की घरचं बेणं वर्षानुवर्षं फिरवू नका, तीन-चार वर्षांनी बदला. खोडव्यातलं बेणं घेऊ नका, नऊ ते अकरा महिन्यांच्या लागणीतलं घ्या.

बेणं बदलायचं म्हणजे जात बदलायची असं नाही. तोच 'नीरा' घ्यायचा, पण पाहुण्यांशिवाय. त्यासाठी त्रिस्तरीय बेणे मळा असतो: मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित. मूलभूत बेण्याला सुमारे ५४ अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेत काही तास ठेवतात, म्हणजे आतला रोग मरतो आणि डोळा जगतो. किंवा उसाच्या शेंड्याचा अगदी बारीक कोवळा भाग घेऊन बाटलीत रोपं वाढवतात, ते टिश्यू कल्चर. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये हे काम चालतं.

रोपं खरंच स्वच्छ आहेत का, हे तपासायला पुन्हा डीएनएची कॉपीच कामाला येते. पीसीआर आठवतं ना? कोरोनात नाकात काडी घालून आपण सगळ्यांनी अनुभवलं ते. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेली ही युक्ती म्हणजे पेशीचं काम नळीत करणं. तापवून धागे सोडवायचे, प्रायमर लावायचा, गरम झऱ्यातल्या जिवाणूचं पॉलिमरेज वापरायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. असे ३० फेरे झाले की एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे. रोगाचा डीएनए चिमूटभर असला तरी लपून राहत नाही.

चुकीची गोड बाजू, कॉपीची कडू बाजू

अब्जात एक चूक उरते म्हणाले. ती नेहमी वाईटच का?

बोरीच्या द्राक्षबागा तुम्ही पाहिल्या असतील, आणि काळी 'शरद सीडलेस' खाल्ली असेल. ती जात सोलापूर जिल्ह्यातल्या, माळढोकसाठी ओळखल्या जाणाऱ्या नान्नजची. तिथले द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी 'किशमिश चोर्नी' या जातीत झालेल्या नैसर्गिक बदलातून ती निवडून वाढवली. थॉम्पसन सीडलेसमधून आलेली लांब मण्यांची 'सोनाका'ही त्यांचीच. अशा बदलाची सुरुवात एका डोळ्यातल्या एका पेशीत होते. डीएनए उतरवताना चूक राहते किंवा झालेली इजा दुरुस्त न होता पुढच्या कॉपीत उतरते. त्या डोळ्यातून फांदी फुटते आणि तिला वेगळी द्राक्षं लागतात. बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. काळे यांचं गेलं. मग त्याच फांदीच्या काड्या, त्यांच्या काड्या, आणि चूकसुद्धा तंतोतंत कॉपी होत राहिली. आज ती जात झाली आहे.

आता दुसरी बाजू. कॉपी इतकी अचूक असते, म्हणजे कमकुवतपणाही तितकाच अचूक उतरतो. एका रोपाला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारू शकतो. उत्तर प्रदेशात 'को ०२३८' या जातीने असंच सगळं रान व्यापलं होतं. साखर भरपूर, शेतकरी खूश. मग तिच्यावर लाल कूज आली आणि गेल्या काही वर्षांत जिल्ह्यांमागून जिल्ह्यांना ती जात सोडावी लागली. म्हणून एकाच जातीवर सगळं रान लावू नये, आणि नव्या जाती येत राहायला हव्यात. त्यासाठी फुलोरा, संकर आणि बी लागतं. ते काम कोईमतूरला आणि आपल्या आंबोलीच्या केंद्रात चालतं. पाडेगावहून 'फुले २६५' आली तीही अशीच.

मित्रांनो, हे वाचून लगेच कुणी बायोटेक्नॉलॉजीला ॲडमिशन घ्या असं मी म्हणत नाही. मी स्वतःच सायन्स सोडलंय. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी ऊस आहे, केळी आहेत, डाळिंब आहे, द्राक्ष आहे. ही सगळी पिकं बियांवर नाही, कॉप्यांवर चालतात. घरी बेण्याचा, रोपांचा, काड्यांचा विषय निघेल तेव्हा मोबाइल खाली ठेवून एवढंच विचारा: हे कुठून आणलं? किती वर्षांचं आहे? तपासलेलं आहे का?

मी विचारलं. पप्पांनी आधी बेण्याचा आणि वाहतुकीचा खर्च सांगितला, मग थोडा वेळ गप्प बसले. शेवटी विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत प्रमाणित बेणं लावायचं ठरलं. तेवढाच आमचा बेणे मळा. तिथून पुढच्या वर्षी बाकीचं रान.

परवा फोनवर आबा म्हणाले, "फुटवा बरा हाय." आबांच्या तोंडून 'बरा' म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि हो, ते अजूनही म्हणतात की जुनं बेणं दमलं होतं. मी आता वाद घालत नाही. फक्त झेरॉक्सच्या दुकानात गेले की आधी विचारते, मूळ वही कुणाकडे आहे?